२०५० ची महासत्ता कोण? आधी जन्माचे आकडे काढा

तुम्ही विचारलंय, २०५० पर्यंत चीन अमेरिकेला मागे टाकणार हे नक्की धरायचं का, आणि भारत तेव्हा कुठे असेल? नक्की धरू नका. असलं एक भाकीत मी तरुणपणी पूर्ण खरं मानलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९९० मध्ये मी पुण्यात जपानी शिकायला लागलो, ते पुढचं जग जपानचंच या खात्रीने. तसं वाटायला कारणंही होती. आदल्याच वर्षी मित्सुबिशी इस्टेटने न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरचा मोठा हिस्सा घेतला होता, सोनीने कोलंबिया पिक्चर्स. डिसेंबर १९८९ अखेर निक्केई, म्हणजे तिथल्या शेअर बाजाराचा निर्देशांक, ३८,९१५ वर बंद झाला. ती पातळी पुन्हा ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडावं लागलं.

त्याच १९९० मध्ये जपानात एक आकडा जाहीर झाला : १.५७. एका बाईला सरासरी होणारी मुलं. तो एवढा का गाजला, ते सांगतो. १९६६ हे तिथलं अग्नी-घोड्याचं वर्ष. त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याच्या मुळावर येते अशी समजूत. आपल्याकडे मूळ नक्षत्रावरच्या मुलीबद्दल बोलतात, तसंच. लोकांनी मूल होऊ देणं टाळलं, दर १.५८ वर आला आणि पुढच्याच वर्षी सावरला. १९८९ मध्ये अशी कुठलीच भीती नव्हती, तरी दर त्याहून खाली गेला. जपानात याला '१.५७ चा धक्का' म्हणतात. आम्ही मात्र निक्केई बघत बसलो होतो.

जमिनीचा आणि शेअरचा फुगा फुटला त्याचा जन्मदराशी संबंध नाही, हे मान्य. पण पडल्यावर उठायला तरुण हात लागतात, आणि १९९५ नंतर ते कमीच होत गेले.

सोव्हिएत संघाची गोष्ट तर अंगावर येते. १९७१ मध्ये तिथे हजारातली २२.९ बाळं पहिल्या वाढदिवसाआधी दगावत, १९७४ मध्ये २७.९. नोंदी सुधारल्यामुळेही त्यातली काही वाढ दिसली असेल, असं काही अभ्यासक म्हणतात. पण सरकारने पुढे तो आकडा छापणंच बंद केलं. अशाच आकड्यांवरून एका तरुण फ्रेंच अभ्यासकाने १९७६ मध्ये लिहिलं, की ही व्यवस्था आतून ढासळतेय. पंधरा वर्षांनी ती गेली. तेव्हापासून कुठल्याही देशाने एखादा आकडा दाबला की माझे कान टवकारतात.

ऑगस्ट २०२३ मध्ये चीनने शहरी तरुणांच्या बेकारीचा आकडा देणं थांबवलं. जूनचा आकडा २१.३ टक्के होता. पुढे जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा दिला, तो विद्यार्थ्यांना वगळून. जन्मांचं म्हणाल तर २०१६ मध्ये तिथे सुमारे १ कोटी ७९ लाख मुलं जन्मली, २०२३ मध्ये ९० लाख. २०५० मध्ये जे सत्तावीस वर्षांचे असणार, ते हेच ९० लाख. त्यात आता कुणालाच भर घालता येत नाही. तरीही चीनला सोव्हिएत संघाच्या पंक्तीला बसवणं चूक ठरेल. जगातल्या कारखानी उत्पादनात त्याचा वाटा तीस टक्क्यांच्या आसपास आहे. तो अमेरिकेच्या तोडीस तोड राहील, पण एकहाती जग चालवेल असं मला वाटत नाही.

आता आपलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतात एका बाईमागे मुलांचा हाच दर २.० होता, महाराष्ट्रात १.७. म्हणजे आपण जपानच्याच वाटेवर आहोत, तेही श्रीमंत होण्याआधी. आणि २०२१ ची जनगणना झालीच नाही, ती आता २०२७ वर गेली. २०११ च्या मोजणीवर २०५० ची स्वप्नं रंगवणं मला मनापासून खटकतं. नवे आकडे आले की आधी वयोगटांचा तक्ता उघडा आणि भारताबद्दलचा प्रश्न पुन्हा विचारा. तो तक्ता समोर ठेवून लिहीन.