काउंटीला ‘जिल्हा’ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: इंग्लंडच्या उन्हाळ्यातल्या क्रिकेटवर मराठीत लिहिताना ‘काउंटी’, ‘टेस्ट’ आणि ‘व्हिलेज’ या तीन पायऱ्यांना काय म्हणावं? शब्दकोशात काउंटीला ‘जिल्हा’ दिलं आहे, ते चालेल का? ‘काउंटी’ लिहावं की ‘कौंटी’? आणि एखादा सोपा झेल सुटला की तिकडचे समालोचक ‘व्हिलेज’ म्हणतात, त्याचा खेड्याशी काय संबंध?

आधी थोडक्यात उत्तर. काउंटी म्हणजे तिकडचा जुना प्रादेशिक विभाग, आणि त्याच्या नावाने खेळणारा संघही. क्रिकेटमध्ये काउंटीला काउंटीच म्हणा. शब्दकोश चुकलेला नाही, पण मैदानावर ‘जिल्हा’ हा शब्द वाचकाला भलतीकडेच नेतो.

आपल्याकडे ‘जिल्हा क्रिकेट’ म्हटलं की एक ठरलेली गोष्ट डोळ्यांपुढे येते. जिल्हा संघटना, आंतरजिल्हा स्पर्धा, त्यातून राज्य संघाच्या निवड चाचणीपर्यंत पोचणारी मुलं. म्हणजे रणजीच्या खालची पायरी. आता ‘झहीर खान २००६ साली वूस्टरशायर जिल्ह्याकडून खेळला’ असं लिहून बघा. श्रीरामपूरचा हा गोलंदाज भारतीय संघाबाहेर पडला आणि थेट जिल्हा पातळीवर घसरला, असाच अर्थ निघेल. प्रत्यक्षात त्या मोसमात त्याने प्रथम श्रेणीचे ७८ बळी घेतले आणि वर्ष संपायच्या आत तो भारतीय संघात परतला. काउंटी चॅम्पियनशिप ही आपल्या रणजी करंडकासारखी प्रथम श्रेणीची, चार-चार दिवसांच्या सामन्यांची स्पर्धा आहे. एप्रिलच्या थंडीत दोन-दोन स्वेटर घालून ती सुरू होते आणि सप्टेंबर संपता संपता आटोपते. तिच्यात अठरा संघ खेळतात.

मराठी क्रिकेटवेड्यांनी हा प्रश्न आपल्या परीने केव्हाच सोडवला आहे. ‘तो दोन वर्षं काउंटी खेळून आलाय’ असं आपण सहज म्हणतो. पुढे ‘क्रिकेट’ जोडत नाही. ‘रणजी खेळला’ म्हणतो, तसंच. गावसकर १९८० साली सॉमरसेटकडून काउंटी खेळले, शास्त्री ग्लॅमॉर्गनकडून काउंटी खेळायचे, रहाणे २०१९ मध्ये हॅम्पशायरकडून काउंटी खेळला आणि पहिल्याच सामन्यात त्याने शतक ठोकलं. या वाक्यांत काउंटी हे भूभागाचं नाव उरलेलंच नाही. ते खेळाच्या एका इयत्तेचं नाव झालं आहे. बोलणाऱ्यांनी ज्या शब्दाला असं क्रियापद बहाल केलं, तो उपरा मानायचं काही कारण नाही.

दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. जिल्हा म्हटला की कलेक्टर आला, मुख्यालय आलं, नकाशावरची सीमा आली. शब्द मूळचा अरबी, अर्थ बरगडी किंवा बाजू. आपल्याकडे तो पूर्णपणे कारभाराचा शब्द झाला. क्रिकेटमधल्या काउंटीचं मात्र सरकारी नकाशाशी फारसं जमलेलं नाही, आणि हे पहिल्या दिवसापासून. काउंटी चॅम्पियनशिपला अधिकृत रूप आलं १८९० मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी ‘काउंटी ऑफ लंडन’ हा नवा प्रशासकीय विभाग अस्तित्वात आला होता, आणि मिडलसेक्सचं घर असलेलं लॉर्ड्स व सरेचं घर असलेलं ओव्हल ही दोन्ही मैदानं त्या नव्या विभागात गेली होती. म्हणजे अधिकृत स्पर्धा सुरू झाली, तेव्हाच या दोन संघांची मैदानं सरकारी हिशेबाने त्यांच्या काउंटीबाहेर होती! पुढे १९६५ मध्ये तर मिडलसेक्स हा प्रशासकीय विभागच रद्द झाला. त्याचा बहुतेक भाग बृहत लंडनमध्ये गेला, उरलेला शेजाऱ्यांकडे. संघ मात्र मिडलसेक्स या नावाने आजही लॉर्ड्सवर खेळतो. १९७४ च्या फेररचनेत लँकेशायरचं ओल्ड ट्रॅफर्ड बृहत मँचेस्टरमध्ये आणि वॉरिकशायरचं एजबॅस्टन वेस्ट मिडलंड्समध्ये गेलं. संघांची नावं तीच राहिली. ग्लॅमॉर्गन तर वेल्समधलं, १९२१ पासून याच स्पर्धेत खेळणारं.

आपल्याकडे याला जुळणारं काही शोधायचं तर ‘खानदेश’ घ्या. खानदेश नावाचा जिल्हा १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असा विभागला गेला, आज त्या जागी जळगाव, धुळे, नंदुरबार आहेत. तरी माणूस खानदेशीच असतो आणि भरीतही खानदेशीच असतं. मिडलसेक्स हे असं नाव आहे. कागदावरून गेलं, लोकांच्या तोंडून गेलं नाही. आणि क्रिकेटपुरतं बोलायचं तर एकाच राज्यातून मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन रणजी संघ उतरतात हे ज्याला अंगवळणी पडलं आहे, त्या मराठी वाचकाला काउंटी समजावून सांगायला ‘जिल्ह्या’ची कुबडी लागू नये.

काउंटीशी लोकांचं नातं किती घट्ट असतं हे बघायचं तर यॉर्कशायरकडे बघावं. या संघात खेळायचं तर यॉर्कशायरच्या सीमेतच जन्म व्हायला हवा, असा त्यांचा दंडक होता. लेखी कायद्याहून कडक पाळला गेलेला. मूल यॉर्कशायरमध्येच जन्माला यावं म्हणून बाळंतपणासाठी बायकोला वेळेत परत आणणाऱ्या नवऱ्यांच्या गोष्टी तिकडे अजून सांगितल्या जातात. हा दंडक मोडून १९९२ मध्ये जो पहिला परदेशी खेळाडू घेतला, तो एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर. त्या मोसमात त्याने प्रथम श्रेणीच्या १,०७० धावा केल्या. शिवाजी पार्कवर घडलेला मुलगा यॉर्कशायरची टोपी घालून उभा राहिला, याचं मोल त्या जुन्या दंडकामुळे कळतं. ‘यॉर्कशायर जिल्हा’ असं म्हटलं की यातलं काहीच उरत नाही.

आता लेखनाचं. ‘कौंटी’ चुकीचं नाही, जुन्या छापील मजकुरात सर्रास सापडतं. पण मराठीतल्या ‘औ’चा आरंभ ऱ्हस्व ‘अ’ने होतो: मौज, कौल, चौथा. इंग्रजी उच्चार तोंड उघडून ‘आ’ने सुरू होतो. आपण ‘काउंटर’, ‘अकाउंट’, ‘साउंड’ लिहितो, त्याच ओळीत ‘काउंटी’ बसतं. लिंग स्त्रीलिंगी, अनेकवचन ‘काउंट्या’. कंपनी-कंपन्या, तशी काउंटी-काउंट्या. ‘अठरा काउंटीज’ असं लिहायची गरज नाही. शब्द आपलासा केला, की त्याने आपलं व्याकरण पाळावं.

‘शायर’बद्दल प्रश्नात विचारलेलं नाही, पण त्याशिवाय चर्चा पुरी होणार नाही. अठरांपैकी दहा काउंट्यांच्या नावात ते आहे. ‘काउंटी’ हा शब्द अकराव्या शतकात फ्रान्समधून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मनांबरोबर फ्रेंचमधून आला, काउंट या सरदाराचा मुलूख म्हणून. त्याआधी इंग्रजीत त्याच अर्थाचा घरचा शब्द होता ‘शायर’, मूळ अर्थ सोपवलेला कारभार. या शायरचा जो कारभारी, तो ‘शेरीफ’. होय, मुंबईचे शेरीफ, म्हणजेच नगरपाल, तोच हा शब्द. गावसकर १९९४ मध्ये मुंबईचे शेरीफ झाले होते. ससेक्स, एसेक्स, मिडलसेक्स यांच्या नावांत शायर नाही, कारण ही दक्षिणेच्या, पूर्वेच्या आणि मधल्या सॅक्सन लोकांची नावं आहेत, कारभाराची नव्हेत. उच्चारात इंग्रज माणूस ‘शायर’ न म्हणता नुसतं ‘शर’ म्हणतो. तरी मराठीत ‘यॉर्कशायर’, ‘लँकेशायर’ इतकं रुळलं आहे की त्याला हात लावू नये. नावाचा पुढचा भाग मात्र जरूर सुधारावा. ‘वॉर्सेस्टर’ नव्हे, वूस्टर. ‘लीसेस्टर’ नव्हे, लेस्टर. ‘ग्लूसेस्टर’ नव्हे, ग्लॉस्टर. डर्बीशायर तिकडे ‘डार्बी’शायर आहे आणि वॉरविक ‘वॉरिक’.

एक सावधगिरी. जुलै-ऑगस्टच्या सुमारास ‘द हंड्रेड’ नावाची शंभर चेंडूंची स्पर्धा असते, २०२१ पासून. तिच्यातल्या संघांना काउंटी म्हणू नका. ते वेगळे आठ संघ आहेत. ट्वेंटी-२०च्या स्पर्धेत मात्र काउंट्याच खेळतात, भले वॉरिकशायरने तिथे ‘बर्मिंगहॅम बेअर्स’ असं नाव घेतलं असो.

‘टेस्ट’बद्दल काही बदलायला नको. ‘कसोटी’ हा मराठी क्रीडा पत्रकारितेतला सर्वांत नेमका प्रतिशब्द आहे, असं माझं ठाम मत आहे. कसोटी म्हणजे सोन्याचा कस लावायचा काळा दगड. आणि इंग्रजी ‘टेस्ट’चा मूळ अर्थ आहे सोन्या-चांदीची पारख करायची मातीची मूस. दोन्ही शब्द सोनाराच्या दुकानातून निघाले आणि क्रिकेटच्या मैदानावर भेटले. ज्याला कुणाला हा शब्द प्रथम सुचला त्याला हे ठाऊक असो नसो, शब्द अस्सल उतरला. इंग्लंडचा उन्हाळा म्हणजे आपला पावसाळा, हे लिहिताना विसरू नये. वाडेकरांच्या संघाने ओव्हलची कसोटी आणि इंग्लंडमधली पहिली मालिका जिंकली तो दिवस २४ ऑगस्ट १९७१, गणेश चतुर्थीचा. चंद्रशेखरच्या ३८ धावांतल्या सहा बळींनी इंग्लंडचा दुसरा डाव १०१ वर संपला होता, आणि चतुर्थी म्हणून भारतीय पाठीराख्यांनी चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण आणून मैदानावर मिरवली होती. ‘उन्हाळी मालिका’ असं छापलं की मराठी वाचकाला एप्रिल-मेची काहिली आठवते. ‘इंग्लंडमधला मोसम’ म्हणावं, म्हणजे घोटाळा होत नाही.

उरलं ‘व्हिलेज’. इथे माझा सल्ला उलटा आहे: भाषांतर करा, पण ‘ग्रामीण क्रिकेट’ असं करू नका. आपल्याकडे ‘ग्रामीण क्रिकेट स्पर्धा’ म्हणजे टेनिसचा चेंडू, कापलेल्या भाताच्या शेतात किंवा माळावर आखलेली खेळपट्टी, लाउडस्पीकरवरचं समालोचन आणि रोख बक्षिसं. त्याची मजा अफाट आहे, पण ती निराळी. इंग्लंडमधलं गावचं क्रिकेट लेदर बॉलने आणि पांढऱ्या कपड्यांत चालतं. गावाचा क्लब असतो, एखादा शेदीडशे वर्षांचाही. ‘गावच्या क्लबांचं क्रिकेट’ किंवा नुसतं ‘गावचं क्रिकेट’ म्हटलं की पुरे.

ज्याला तिकडे ‘ग्रीन’ म्हणतात, त्यालाही आपल्याकडे शब्द आहे. गावाच्या सामाईक मालकीची हिरवळ, जिथे पूर्वी जनावरं चरायची आणि मेंढ्याच गवत आखूड ठेवायच्या. हे आपलं गायरान. ‘हरित पट्टा’ वगैरे लिहिण्यापेक्षा ‘गावचं गायरान’ वाचताना मैदान दिसायला लागतं. शनिवारी दुपारी एक-दोनच्या सुमारास सामना सुरू होतो. सीमारेषेचं एक टोक रस्त्याला टेकलेलं, दुसरं पबच्या अंगणाला. मैदानाला उतार असेल तर एक गोलंदाज धापा टाकत चढावर पळतो, दुसरा उतारावरून घसरत येतो. पंच बाहेरून येत नाहीत, फलंदाजी करणाऱ्या संघातलेच दोघे पांढरा कोट चढवून उभे राहतात आणि आपली पाळी आली की कोट दुसऱ्याच्या अंगावर देऊन पॅड बांधायला पळतात. धावफलकावर खिळ्यांना पत्र्याचे आकडे अडकवायचं काम गावातल्या पोरांकडे. दोन डावांच्या मध्ये ‘टी’ होतो. त्याचं भाषांतर ‘चहापान’ केलं तर अपुरं पडतं. कसोटीतलं चहापान वीस मिनिटांचं. गावच्या सामन्यातला ‘टी’ म्हणजे पूर्ण फराळ: सँडविच, स्कोन, घरचे केक, लांब टेबलावर मांडलेले, आणि दोन्ही संघ एकत्र बसून खाणार. करोनानंतर बऱ्याच लीगमध्ये या फराळाची सक्ती उरली नाही, याची हळहळ जुन्या खेळाडूंना अजून आहे.

या तिन्ही पायऱ्या एकमेकींपासून फार दूर आहेत असं वाटतं, पण जून १७७७ मध्ये सेव्हनओक्सला झालेला एक सामना बघा. हॅम्पशायरमधल्या हँबल्डन या गावाच्या क्लबाने उभा केलेला संघ काउंटीच्या नावाने खेळला, समोर होता ‘इंग्लंड’चा संघ, आणि हँबल्डनवाल्यांनी तो एक डाव आणि १६८ धावांनी जिंकला. गाव, काउंटी आणि देश एकाच धावपत्रिकेवर.

म्हणूनच ‘व्हिलेज’चा हिणवण्यासाठी होणारा वापर मला खटकतो. अर्थ सरळ आहे: हौशी खेळाडूला शोभेल असा ढिला, गबाळा खेळ. दोघांच्या मधून झेल पडला, एकाच टोकाला दोन्ही फलंदाज पोचले, की समालोचक तो शब्द काढतात. मराठीत ‘गावठी’ किंवा ‘गावंढळ’ लिहू नका. त्यात माणसाच्या राहणीला लावलेला डंख आहे आणि मूळ वाक्यात तो तेवढा नसतो. आपल्याकडे नेमका याच प्रसंगी निघणारा उद्गार तयार आहे: ‘हे काय गल्ली क्रिकेट चाललंय का?’ तोच वापरा. फक्त जिथे ‘व्हिलेज’ हे विशेषनामात येतं, तिथे तसंच ठेवा. उदाहरणार्थ ‘नॅशनल व्हिलेज कप’, १९७२ साली सुरू झालेली गावच्या क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा. पहिल्या वर्षी कॉर्नवॉलमधल्या ट्रून या गावाने तिचा अंतिम सामना जिंकला, तोही लॉर्ड्सवर.