दूध अंगावर येतंय, पण अंगी लागतंय ना?

*ताई, माझा मुलगा साडेनऊ महिन्यांचा आहे. अजून दिवसातून चार-पाच वेळा दूध काढतो, रांगायला लागल्यापासून तर जास्तच. वजन ८ किलो ७०० ग्रॅम, खेळतो छान. सासूबाई म्हणतात, तुझं दूध त्याला पचत नाही, गाईचं सुरू कर. शेजारच्या काकूंनी नातवाचं उरलेलं ॲसिडिटीचं सिरप दिलंय. पुढच्या महिन्यात जावळ आहे, कुणाच्या अंगावर ओकला तर? माझं काही चुकतंय का?*
*— एक आई, डोंबिवली*

अगं, तुझं काहीच चुकत नाहीये.

आधी एक कर. दोन चमचे दूध घे आणि दुपट्यावर ओत. केवढा डाग पडला बघितलास? आपल्याला वाटतं सगळंच बाहेर आलं, पण असतं ते एवढंच. म्हणून दुपटी मोजू नकोस, वजन बघ. लसीकरणाच्या कार्डावर वजनाचा आलेख असतो, त्यात रेघ चढती असली की दूध पोटात राहतंय.

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथली झडप या वयात वेळी-अवेळी सैल पडते, आणि दूध वर येतं. चौथ्या महिन्याच्या आसपास हे सगळ्यात जास्त असतं, वर्षाच्या आत बहुतेकांचं थांबतं. तुझा गडी पोट भरलं की लगेच पोटावर पडून सुटतो ना? मग दूध वर येणारच. खाल्ल्यावर वीसेक मिनिटं कडेवर घेऊन गॅलरीत कबुतरं दाखव. चड्डीचं इलॅस्टिक पोटावर रुततंय का तेही बघ. नाचणीची खीर एकदम वाटीभर देण्यापेक्षा थोडी थोडी दे. झोपवताना मात्र पाठीवरच, उशी न देता.

सिरप काकूंना परत कर, गोड बोलून. त्याने पोटातलं आम्ल कमी होतं, दूध वर यायचं थांबत नाही. आणि दुसऱ्या बाळाचं औषध, तेही उरलेलं? नकोच. गाईचं दूध वर्षाच्या आत आईच्या दुधाच्या जागी द्यायचं नसतं. हे सासूबाईंना तू सांगू नकोस, डॉक्टरांच्या तोंडून ऐकव. पुढच्या वेळी त्यांनाच बरोबर घेऊन जा. (माझ्या घरी हाच उपाय लागू पडला होता.)

आता जिथे थांबायचं नाही ते सांगते. गुळणी ओठांच्या कडेने अलगद घरंगळते, उलटीत पोट आवळतं आणि चेहरा लाल होतो. उलटी हिरवी असेल, तिच्यात रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं, पोट फुगून कडक झालं, बाळ मलूल पडलं किंवा लघवी अगदी कमी झाली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. शीमध्ये रक्त दिसत असेल, वजन अडलं असेल, दूध घेताना दर वेळी पाठ ताणून रडत असेल किंवा अंगावर पुरळ येत असेल, तरी दाखवायला हवं. कधीकधी मागे गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी निघते. वर्ष उलटलं आणि तरी चालूच राहिलं, तर तेव्हाही विचार.

जावळाला मामाच्या मांडीवर बसवाल ना? मामाला नवा सदरा उशिरा घालायला सांग.