स्टार वॉर्समधला स्मगलर-पायलट हान सोलो, त्याच्या तरुणपणीच्या कादंबऱ्या कुठून सुरू करू? २०१८ चा 'सोलो' पिक्चर बघून झालाय, आता त्या वाचण्यात काही पॉइंट आहे का?

पॉइंट आहे, आणि सुरुवात ब्रायन डेलीपासून करा. तुम्ही लिहिलंय की नेटवरच्या याद्यांमध्ये ए. सी. क्रिस्पिनची ट्रिलॉजी आधी दिलेली असते कारण त्यात हान लहान आहे, म्हणून तीच आधी उचलू का. माझ्या मते नको. हानच्या वयाच्या हिशोबाने वाचायला घेतलं की त्याच्याबद्दल माहित करून घ्यायचं सगळं पहिल्या तीन पुस्तकांतच कळून जातं, आणि मग डेलीची पुस्तकं उगाच किरकोळ वाटायला लागतात, जी खरं तर सगळ्यात मजेशीर आहेत. छापून आली त्या क्रमाने वाचा.

थोडं मागचं सांगते. पहिला स्टार वॉर्स पिक्चर आला मे १९७७ मध्ये. १९७८ साली अॅलन डीन फॉस्टरची एक कादंबरी आली, तिच्यात पिक्चरमधले बाकीचे दोन नायक, ल्यूक आणि लेया, आहेत पण हान अजिबात नाही. मग १९७९ मध्ये डेलीची दोन पुस्तकं पाठोपाठ आली, 'हान सोलो अॅट स्टार्स एंड' आणि 'हान सोलोज रिव्हेंज', तिसरं 'हान सोलो अँड द लॉस्ट लेगसी' १९८० मध्ये. आता बघा, तेव्हा दुसरा पिक्चर बनत होता, त्यामुळे पुढच्या गोष्टीला धक्का लागेल असं काही लिहायची सोयच नव्हती, मग डेलीने हानला उचलून पार दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन टाकलं, कॉर्पोरेट सेक्टर म्हणून भाग आहे जिथे सगळा कारभार एका कंपनीच्या हातात, पोलिससुद्धा कंपनीचेच. खलनायक व्हेडर नाही, फोर्स नावाची गूढ शक्ती नाही, ती वापरणारे जेडाय योद्धे नाहीत, निवडलेला कोणी महापुरुष नाही. एक कर्जात बुडालेला पायलट, त्याचा वूकी मित्र चुबाका (वूकी म्हणजे केसाळ, धिप्पाड परग्रहवासी), आणि सतत काहीतरी मोडलेलं जहाज, बस.

आणि ह्या मर्यादेचाच फायदा झालाय असं मला ठामपणे वाटतं. हान कुठून आला, आईबाप कोण, मनात कसली जखम वगैरे, डेली एका शब्दाने सांगत नाही. तो फक्त हान काय करतो ते दाखवतो.

उदाहरण म्हणून 'रिव्हेंज'ची सुरुवात घ्या. हान आणि चुबाका कामार नावाच्या कोरड्या ठणठणीत ग्रहावर चक्क सिनेमा दाखवायचा धंदा करतायत, आपल्याकडे जत्रेत तंबूतले टॉकीज असायचे ना तसाच प्रकार. पिक्चर एकच, तोही एका पाण्याच्या ग्रहावरची डॉक्युमेंटरी. ज्यांनी आयुष्यात एवढं पाणी कधी बघितलेलं नाही असे तिथले लोक रोज येतात, तोच पिक्चर परत परत बघतात, आणि हान खूश की गल्ला भरतोय. त्याच्या डोक्यात हे येतच नाही की समोर प्रेक्षक नसून भक्त बसलेत, त्यांचा ह्या पाण्यावर धर्म तयार झालाय. मग एक दिवस नवीन काहीतरी द्यावं म्हणून तो एक म्युझिकल लावतो. पुढे काय होतं ते वाचा, दंगल एवढंच सांगते. आता ह्या एका प्रसंगात हान सोलो पूर्ण आहे की नाही? हुशार, लोभी, वाईट नाही, पण समोरच्याच्या मनात काय चाललंय ह्याकडे अजिबात लक्ष नाही. कसलीही बालपणाची कहाणी न सांगता हा माणूस आपल्याला कळतो, आणि त्यानंतर लगेच त्याला असं काम मिळतं ज्यात माल म्हणजे गुलाम निघतात, तिथे तो काम देणाऱ्यांवर उलटतो, पण उलटल्यावरही त्याच्या डोक्यात आपले दहा हजार वसूल करायचेत हेच असतं. असा हान मला आवडतो.

'स्टार्स एंड'मध्ये चुबाकाला पकडून एका तुरुंगात नेतात आणि हान खेळ करणाऱ्या मंडळींचं सोंग घेऊन आत शिरतो. सोबत बॉलक्स नावाचा एक जुनाट मजूर ड्रॉइड, म्हणजे रोबो, आणि त्याच्या छातीच्या खणात बसवलेला ब्लू मॅक्स नावाचा चिमुकला कॉम्प्युटर, ही जोडी पिक्चरमधल्या आर-टू आणि थ्रीपीओ ह्या प्रसिद्ध रोबोंच्या तोडीची आहे असं म्हटलं तर लोक भांडायला येतात पण मी म्हणणारच. तिसऱ्या पुस्तकात झिम द डेस्पॉटच्या खजिन्याचा शोध आहे, आणि गॅलॅन्ड्रो नावाचा बंदूकबाज, जो हानपेक्षा वेगवान आहे. हो, खराच वेगवान, समोरासमोरच्या ड्रॉमध्ये हान हरतो. नायकाला असं सरळ हरवायची हिंमत पिक्चरवरून निघणारी टाय-इन पुस्तकं लिहिणारे सहसा करत नाहीत. भाषा जराशी जुन्या पल्प मासिकांसारखी आहे हे खरं, आणि पुस्तकं लहान आहेत, एका वीकेंडला एक आरामात होतं.

आता क्रिस्पिन. 'द पॅरडाइज स्नेअर' आणि 'द हट गॅम्बिट' १९९७, 'रेबेल डॉन' १९९८. इथे सगळं उलट, बाईंनी पिक्चरमधला प्रत्येक धागा पकडून त्याचं टोक शोधलंय. हानला वूकी भाषा कशी कळते? लहानपणी गॅरिस श्राइक नावाचा माणूस पोरांना भीक मागायला आणि चोऱ्या करायला लावायचा, त्याच्या जहाजावर ड्यूलाना नावाची वूकी स्वयंपाकीण होती, तिने ह्याला आईसारखं सांभाळलं. मित्र लँडोकडून हानचं ते जहाज, फाल्कन, कसं आलं? सबाक नावाच्या पत्त्यांच्या जुगाराच्या टूर्नामेंटमध्ये. केसेल रन हा स्मगलिंगचा मार्ग बारा पार्सेकमध्ये केल्याची हान पिक्चरमध्ये फुशारकी मारतो, ते कसं, पार्सेक तर अंतर मोजायचं एकक आहे, साधारण ३.२६ प्रकाशवर्षं? तर तिथे 'मॉ' नावाचा ब्लॅक होल्सचा पुंजका आहे आणि हान त्याच्या इतक्या जवळून जातो की रस्ताच छोटा होतो. हे वाचताना मजा येते, नाही असं नाही, पण तिसऱ्या पुस्तकापर्यंत एक टिकमार्क लावायची यादी डोळ्यासमोर यायला लागते. आणि गंमत म्हणजे ज्याची सगळे वाट बघतात, हानने साम्राज्याच्या सैन्यात ऑफिसर असताना चुबाकाला वाचवलं आणि करिअर घालवलं, तेच बाईंनी समोर घडताना दाखवलेलं नाही, पहिलं आणि दुसरं पुस्तक ह्यांच्या मधल्या काळात ते होऊन गेलेलं असतं. का ते मला आजपर्यंत समजलेलं नाही.

मग क्रिस्पिन वाचायच्याच कशाला? ब्रिया थॅरेनसाठी, आणि इलेसियासाठी. इलेसिया हे वरवर तीर्थक्षेत्र आहे. भाविक लांबून येतात, घरदार सोडून, संध्याकाळी पुजारी त्यांना 'एक्झल्टेशन' देतात म्हणजे शरीरभर सुखाची एक लाट, आणि त्या काही मिनिटांसाठी दिवसभर स्पाइस नावाच्या अमली पदार्थाच्या कारखान्यात राबतात, पगार नाही, कुंपण नाही, कोणी बांधून ठेवलेलं नाही. थकले की त्यांना गुलाम म्हणून विकून टाकतात. ब्रिया त्यातलीच एक, अंधाऱ्या खोलीत ग्लिटरस्टिम ह्या स्पाइसवर काम करणारी. हान तिला तिथून बाहेर काढतो पण तिच्या शरीराला जी सवय लागलीय ती बाहेर निघत नाही, तो प्रेमाने सगळं ठीक करू बघतो आणि होत नाही, आणि ती एक दिवस निघून जाते. बाबाबुवांच्या नादाला लागलेली माणसं जवळून बघितली असतील तर हा भाग वाचताना चांगलाच त्रास होईल. पुढे ब्रिया साम्राज्याविरुद्धच्या बंडखोरांत मोठ्या पदावर पोचते आणि ('रेबेल डॉन' न वाचलेल्यांनी पुढची ओळ सोडा) हान आणि बाकी स्मगलर्सना वापरून सगळा माल घेऊन जाते, सगळ्यांना वाटतं हानच तिला सामील होता, म्हणून लँडो त्याच्याशी तोडतो. नंतर 'एम्पायर स्ट्राइक्स बॅक' ह्या दुसऱ्या पिक्चरमध्ये बेस्पिन ग्रहावर लँडो समोर येतो तो सीन परत बघा, वेगळाच वाटतो. डेलीच्या गोष्टीही बाईंनी खोडल्या नाहीत, 'रेबेल डॉन'मध्ये मधेमधे जागा सोडून त्या नीट बसवल्यात, आणि डेली आधी वाचलेला असेल तरच त्या तुकड्यांना अर्थ आहे. म्हणून म्हटलं क्रम तसा ठेवा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, एप्रिल २०१४ मध्ये लुकासफिल्मने जुन्या सगळ्या कादंबऱ्या 'लेजेंड्स' ह्या शिक्क्याखाली बाजूला काढल्या, त्यामुळे अधिकृतपणे ही सहाच्या सहा पुस्तकं घडलेलीच नाहीत. २०१८ च्या पिक्चरमध्ये सोलो हे आडनाव भरती करणारा ऑफिसर देतो कारण ह्याच्या मागेपुढे कोणी नाही, पुस्तकात हानला थ्रॅकन नावाचा चुलतभाऊसुद्धा आहे. दोन्ही जुळवायला जाऊ नका, डोकं फिरेल. एकाच राजाच्या दोन गावांत दोन दंतकथा असतात की, तसं धरा. पिक्चरला धरूनच काही हवं असेल तर रे कार्सनची 'मोस्ट वॉन्टेड' आहे, २०१८ चीच, हानच्या कोरेलिया ह्या जन्मग्रहावरचे हान आणि त्याची मैत्रीण कीरा, टीनएजर्ससाठी लिहिलेली, ठीकठाक आहे.

डेलीची तिन्ही एकत्र बांधलेली आवृत्ती निघालेली आहे, सुटी शोधण्यापेक्षा ती मिळाली तर घ्या. मुंबईत असाल तर फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पेपरबॅकच्या ढिगात नजर टाकत जा, मला 'हट गॅम्बिट' तिथेच मिळालं होतं, कव्हरचा कोपरा नव्हता पण पानं सगळी होती. आणि क्रिस्पिनबाई आवडल्या तर त्यांनी २०११ मध्ये 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'मधल्या कॅप्टन जॅक स्पॅरोच्या तरुणपणावरही एक जाडजूड कादंबरी लिहिलीय, 'द प्राइस ऑफ फ्रीडम', गुलामांचा व्यापार तिच्यातही आहेच.