अ‍ॅप की कारखाना? पोषण-तंत्रज्ञानात शिरताना

प्रश्न : मी पोषणशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दवाखान्यात बसून आहाराचे तक्ते लिहून देण्यात माझं मन रमत नाही, मला ‘न्यूट्रिशन टेक्नॉलॉजी’त जायचं आहे. सध्या हातात दोन संधी आहेत. एका आरोग्य-अ‍ॅपच्या कंपनीत इंटर्नशिप, काम लेख आणि पोस्ट लिहिण्याचं. दुसरी, एका अन्नप्रक्रिया कारखान्यात क्वालिटी विभागात ट्रेनी. बाबा म्हणतात, ‘डोक्याला टोपी घालून पिठाची पोतीच तपासायची होती, तर पदवी कशाला घेतलीस?’ मैत्रिणी म्हणतात, आधी कोडिंग शिक. आणि एमएस्सी आत्ताच करावी की नोकरीनंतर?

उत्तर : तू विचारलेले प्रश्न चार, पण ते अडलेत एकाच ठिकाणी. या क्षेत्रातली माणसं दिवसभर नेमकं काय करतात, हे तुला कुणी दाखवलेलं नाही. त्यात तुझी चूक नाही. ‘न्यूट्रिशन टेक्नॉलॉजी’ अशी पाटी सहसा कुठल्या दारावर नसते. जाहिरातीत पदाचं नाव प्रॉडक्ट डेव्हलपमेंट, रेग्युलेटरी अफेअर्स, न्यूट्रिशन डेटा अ‍ॅनालिस्ट, सेन्सरी (म्हणजे चव-वासाची चाचणी), क्वालिटी असं काहीही असतं. त्यामुळे नोकरी शोधताना नावाच्या मागे लागू नकोस, खालचं कामाचं वर्णन वाच.

एक काम जवळून बघू. पिठात लोह मिसळायचं आहे. तुझ्या पुस्तकात लिहिलंय की फेरस सल्फेट हे लोहाचं रूप शरीरात चांगलं शोषलं जातं, शिवाय ते स्वस्त. मग प्रश्न मिटला? नाही. लोहामुळे पिठातल्या स्निग्धांशाचं ऑक्सिडेशन वाढतं. पीठ गोदामात फार दिवस राहिलं आणि त्यात हवा दमट असली, की खवट वास येऊ लागतो, रंगही बदलू शकतो. फेरिक पायरोफॉस्फेट घेतलं तर रंग-चवीची तक्रार येत नाही, पण ते कमी शोषलं जातं, म्हणून प्रमाण वाढवावं लागतं. पीठ कोंड्यासकट दळलेलं असेल तर कोंड्यातलं फायटेट नावाचं नैसर्गिक द्रव्य लोहाला अडकवून ठेवतं. तिथे सोडियम आयर्न ईडीटीए हे लोहाचं तिसरं रूप उपयोगी पडतं, पण त्याला पैसे जास्त मोजावे लागतात. म्हणजे कुठलं लोह घालायचं हे पीठ कसं दळलंय, किती दिवस टिकवायचंय, खाणार कोण आणि खर्च उचलणार कोण, यावर ठरतं. शोषणाचं गणित आहारतज्ज्ञाला येतं, खवटपणाचं अन्नतंत्रज्ञाला. बैठकीत दोघं आपापलं बोलतात आणि तिसऱ्या कुणाला तरी त्यातून निर्णय काढावा लागतो. तुला जी नोकरी हवी आहे, ती या तिसऱ्याची.

हे काम किती मोठं होऊ शकतं याचं माझ्या आवडीचं उदाहरण म्हणजे प्लंपीनट, कुपोषित मुलांसाठीचं पाकिटातलं तयार खाणं. तीव्र कुपोषित मुलांसाठी आधी खास दुधाची पावडर वापरत. ती पाण्यात कालवायला लागायची, आणि जिथे कुपोषण तिथे स्वच्छ पाण्याचीही मारामार. कालवलेलं दूध लवकर नासायचं, म्हणून मुलाला भरती करून ठेवण्यावाचून इलाज नसायचा. १९९६ च्या सुमारास फ्रान्समध्ये आंद्रे ब्रियां आणि मिशेल लेस्कान यांनी तेच पोषण शेंगदाण्याच्या लोण्यात बसवलं. दूध पावडर, तेल, साखर, जीवनसत्त्वं आणि खनिजं, पण पाणी जवळजवळ नाहीच. पाणी नाही म्हणून जंतू वाढत नाहीत, शिजवायचं नाही, मूल घरीच पाकीट चोखत खातं. एका ९२ ग्रॅमच्या पाकिटात साधारण ५०० किलोकॅलरी. २००७ साली जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक अन्न कार्यक्रम यांनी संयुक्त निवेदन काढून अशा आहारावर घरच्या घरी उपचार करण्याच्या पद्धतीला पाठिंबा दिला. यातला एकही घटक नवा नव्हता. मूल आणि उपचार यांच्यामध्ये पाणी आडवं येतंय, हे ओळखणं नवं होतं.

आता अ‍ॅपकडे वळू, कारण तुझा ओढा तिकडे दिसतो. अ‍ॅपच्या चकचकीत पडद्याखाली एक डेटाबेस असतो आणि त्याची अवस्था बरेचदा केविलवाणी असते. तांदळाचंच घे. कच्चा पांढरा तांदूळ १०० ग्रॅमला साधारण ३६५ किलोकॅलरी, शिजलेला भात १०० ग्रॅमला साधारण १३०. वापरणाऱ्याने ‘तांदूळ, २०० ग्रॅम’ असं लिहिलं, तर त्याने कोणता मोजला? चुकीची ओळ निवडली गेली की हिशेब जवळजवळ पावणेतीन पटीने चुकतो. वर कितीही हुशार अल्गोरिदम बसव, तो हीच चूक आणखी झोकात सांगणार. ताटाचा फोटो काढून कॅलरी सांगणाऱ्या अ‍ॅपचंही तेच. भाजीत मुरलेलं तेल कॅमेऱ्याला दिसत नाही. अशा कंपनीत कोड लिहिणारे पुष्कळ असतात. ही ओळ कच्च्याची आहे, ती शिजलेल्याची, हा आकडा चाचणीतून आलाय आणि तो कुणीतरी अंदाजाने भरलाय, हे सांगू शकणारे मोजकेच.

म्हणून कोडिंगबद्दल माझं मत मैत्रिणींपेक्षा थोडं वेगळं आहे. शिक, पण उलट्या क्रमाने. आधी स्प्रेडशीट खरोखर येऊ दे, म्हणजे दोन तक्ते जोडणं, एककं बदलणं, गाळलेल्या जागा शोधणं. मग एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून हवी ती माहिती काढायची भाषा. पायथन किंवा आर या प्रोग्रामिंगच्या भाषा त्यानंतर, आणि तेही हातात एखादा खरा प्रश्न असताना. महागडा कोर्स लावायची घाई नको. ‘न्यूट्रिशन टेक’ नावाची सहा आठवड्यांची प्रमाणपत्रं मी रेझ्युमेंवर बघत असते. त्यांच्या जोरावर मुलाखतीचं बोलावणं आलेलं मला फारसं आठवत नाही.

त्यापेक्षा एक प्रकल्प कर. अमेरिकी कृषी खात्याचा फूडडेटा सेंट्रल हा डेटाबेस फुकट उतरवून घेता येतो. ओपन फूड फॅक्ट्स हा दुसरा, तो जगभरातल्या स्वयंसेवकांनी पाकिटांवरची लेबलं भरून उभा केलाय. एकाच प्रकारची तीसेक उत्पादनं निवड, बिस्किटं म्हण. प्रत्येकाच्या लेबलवरच्या प्रथिनं, कर्बोदकं आणि मेदाला अनुक्रमे ४, ४ आणि ९ ने गुण (एका ग्रॅममागे साधारण तेवढ्या किलोकॅलरी धरतात), आलेली बेरीज छापलेल्या किलोकॅलरीशी ताडून बघ. जिथे फरक मोठा आहे तिथे थांब आणि कारण शोध. तंतुमय पदार्थ वेगळे धरलेत? साखरेऐवजी पॉलिऑल, म्हणजे कमी कॅलरीचा गोडवा देणारा पदार्थ आहे? की सरळ टंकलेखनाची चूक? दोन पानांत लिही. मुलाखतीत ही दोन पानं पुढे ठेवलीस तर गुणपत्रिकेपेक्षा जास्त वेळ त्यांच्यावर बोलणं होईल.

आकड्याच्या पोटात शिरायची ही सवय का लावून घ्यायची, तेही सांगते. अन्नातली प्रथिनं मोजायची केल्डालची पद्धत १८८३ सालची, ती अजून वापरात आहे. ती प्रथिनं मोजतच नाही, नायट्रोजन मोजते. आलेल्या आकड्याला बहुतेक वेळा ६.२५ ने गुणायचं आणि त्याला प्रथिनं म्हणायचं. चीनमध्ये २००८ साली उघडकीला आलेल्या प्रकरणात पाणी घातलेल्या दुधात मेलॅमिन हे प्लास्टिक बनवायला वापरलं जाणारं रसायन मिसळलं होतं. मेलॅमिनमध्ये नायट्रोजन भरपूर, त्यामुळे चाचणीत ‘प्रथिनं’ व्यवस्थित दिसत होती. सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली, सहा दगावली. यंत्रातून आलेला आकडा बरोबरच होता. तो कशाचा आहे, हे विचारायला हवं होतं.

आता निर्णय. कारखान्यात जा. अ‍ॅपच्या कंपनीत सहा महिने ‘उन्हाळ्यात खायचे पाच पदार्थ’ लिहून तुझ्या हाती विषयाचं काही लागणार नाही. मात्र नकार कळवायच्या आधी त्यांना एवढं विचार : लेखांऐवजी डेटाबेस तपासण्याच्या कामाला लावाल का? ते ‘हो’ म्हणाले आणि तसं लेखी दिलं, तर दोन्ही संधी तोलामोलाच्या होतील आणि मग आवडेल ती घे.

क्वालिटी विभाग पहिल्या महिन्यात कंटाळवाणा वाटेल, ते मी लपवत नाही. सॅम्पल, नोंदी, सह्या, पुन्हा सॅम्पल. पण तिथेच तुला कळेल की पदार्थात ओलावा किती आहे यापेक्षा त्यातलं किती पाणी जंतूंना वापरता येतं, ते महत्त्वाचं. त्याला वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात, आणि ती ०.६ च्या खाली गेली की जंतूंची वाढ थांबते. धोका कुठल्या टप्प्यावर शिरतो ते आधीच हेरून तिथे पहारा बसवायची एचएसीसीपी पद्धत तुला परीक्षेपुरती पाठ असेल. ती १९६० च्या दशकात नासाच्या अंतराळवीरांच्या जेवणासाठी पिल्सबरी कंपनीच्या मदतीने घडली, कारण तयार झालेलं जेवण तपासून सुरक्षिततेची पुरेशी खात्री मिळत नव्हती. कारखान्यात ती रोज पाळली जाताना, आणि कधी मोडली जातानाही, बघशील. चव-चाचणीत बसायला मिळालं तर सोडू नकोस. तीन वाट्या, तीन आकडी सांकेतिक क्रमांक, दोन वाट्यांत एकच पदार्थ. वेगळी वाटी ओळखायची. साखर दहा टक्क्यांनी कमी केलेली कुणाला कळते का, याचं उत्तर तिथे मिळतं.

होकार देण्याआधी कारखान्यालाही विचारून घे. स्वतःची प्रयोगशाळा आहे की सगळे नमुने बाहेर जातात? ग्राहकांच्या तक्रारींची वही ट्रेनीला बघायला मिळते का? लेबलवरचे पोषणाचे आकडे कोण काढतं आणि त्यांच्याबरोबर काही दिवस बसता येईल का? लेबलचं काम करणाऱ्या विभागाकडे लक्ष ठेव. नियम वाचायचा बहुतेकांना कंटाळा, त्यामुळे तिथे गर्दी कमी असते. कोडेक्स अ‍ॅलिमेंटेरियस, म्हणजे अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची १९६३ पासूनची संयुक्त मानकं, आंतरजालावर फुकट आहेत. पोषण-लेबलिंगची मार्गदर्शक तत्त्वं तेवढी आत्ताच वाचून काढ.

एमएस्सी वर्ष-दोन वर्षांनी कर. तोवर आपल्याला काय येत नाही ते तुला ठाऊक झालेलं असेल. रसायनशास्त्र आणि प्रक्रिया कच्ची वाटली तर अन्नविज्ञान, आकडेवारी कच्ची वाटली तर सार्वजनिक पोषण किंवा डेटाकडे झुकणारा अभ्यासक्रम. फक्त एक बघ : ‘डाएटिशियन’ म्हणून नोंदणी करायचा विचार पुढेमागे मनात येण्याची शक्यता असेल, तर त्यासाठी कुठली पदवी आणि किती रुग्णालयीन प्रशिक्षण लागतं याची चौकशी आत्ताच करून ठेव. तो रस्ता वेगळा आहे आणि मधूनच त्यावर येणं जड जातं.

राहिले बाबा. त्यांना सांग की क्वालिटीतल्या माणसाची सही झाल्याशिवाय माल दाराबाहेर पडत नाही. तरी ते गप्प राहिले, तर काळजी पदवीची नसून रात्रपाळीची असू शकते. पाळ्या कशा असतात, रात्री ये-जा कशी करायची, कंपनी गाडी देते का, हे मुलाखतीतच विचार आणि घरी येऊन आधी तेच सांग.