एव्ही1 म्हणजे काय, आणि नवा फोन घेताना ते पाहावे का?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. दुकानदाराने कौतुकाने दाखवलेला 'एव्ही1 सपोर्ट' म्हणजे नक्की काय, त्यासाठी चार हजार रुपये जास्त मोजावेत का, आणि घरातले जुने व्हिडिओही एव्ही1 मध्ये करून ठेवावेत का. एव्ही1 ही व्हिडिओ कमी डेटात बसवण्याची एक पद्धत आहे. आधी उत्तर देतो: फोनमध्ये ते असावे, पण केवळ तेवढ्यासाठी चार हजार मोजू नयेत, आणि जुन्या व्हिडिओंची घाई अजिबात करू नये. मी व्यवसायाने हिशेबनीस आहे. व्हिडिओचे तंत्र हा माझा बऱ्याच वर्षांचा छंद आहे, त्यामुळे पुढचे विवेचन थोडे जमाखर्चाच्या अंगाने जाईल.

व्हिडिओ म्हणजे एकामागून एक झरझर दाखवलेली चित्रे. फुल एचडी म्हणजे 1920 गुणिले 1080, अर्थात एका चित्रात 20,73,600 ठिपके. आपला डोळा उजेड-अंधाराचा फरक बारकाईने टिपतो आणि रंगाच्या तपशिलाबाबत मात्र बराच ढिला असतो. म्हणून रंगाची माहिती चौथ्या हिश्श्यावर आणून ठेवण्याची पद्धत आहे, आणि पडद्यासमोर बसलेल्याला ही काटछाट सहसा कळत नाही. तरीसुद्धा एका चित्राला सुमारे 31 लाख बाइट लागतात, आणि सेकंदाला 25 चित्रे धरली तर दर सेकंदाला साधारण 78 एमबी होतात. या हिशेबाने दिवसाचा दीड जीबी डेटा वीस सेकंदही पुरणार नाही. प्रत्यक्षात तेवढ्या डेटात, सेकंदाला तीन मेगाबिट (आठ बिट म्हणजे एक बाइट) या बेताच्या वेगाने, तासाभराहून अधिक काळ व्हिडिओ चालतो. म्हणजे दोनशे रुपयांतले एकशे नव्व्याण्णव वाटेतच सोडून दिलेले असतात आणि उरलेल्या एका रुपयात आपण समाधानाने मॅच पाहत असतो. काय सोडायचे आणि काय ठेवायचे हे ठरवणाऱ्या नियमांच्या संचाला कोडेक म्हणतात. एव्ही1 हा असाच एक कोडेक आहे, आणि तो मार्च 2018 मध्ये प्रसिद्ध झाला.

सोडून देण्याच्या या कलेचा पाया ज्यांनी घातला त्यांच्यात बंगळूरचे नासिर अहमद यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते, आणि आपल्याकडे ते फारसे कोणाला ठाऊक नाही याची मला नेहमी खंत वाटते. अमेरिकेतील कॅन्सस स्टेट विद्यापीठात असताना त्यांनी 1972 मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे एका गणिती पद्धतीच्या अभ्यासासाठी निधी मागितला. कल्पना फारच सोपी असल्याचा शेरा मिळून तो प्रस्ताव नामंजूर झाला. अहमद यांनी तरीही काम सोडले नाही, आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह त्यांचा निबंध जानेवारी 1974 मध्ये प्रसिद्ध झाला. डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, म्हणजेच डीसीटी, ती हीच. ती चित्राचा छोटा चौकोन घेऊन त्यातील संथ चढउतार आणि बारीक खडबडीतपणा वेगवेगळा मांडते. एकदा ही मांडणी हातात आली की खडबडीतपणाचे पुष्कळसे आकडे शून्यावर आणता येतात, आणि सलग आलेली शून्ये लिहून ठेवायला जागा जवळजवळ लागत नाही. रोज सकाळी व्हॉट्सॲपवर येणारे सुप्रभाताचे फुलांचे फोटो जेपीईजी या फाइल-प्रकारात असतात, आणि ते जेपीईजीही याच पद्धतीवर उभे आहे.

मोठी बचत मात्र काळाच्या दिशेने होते. लागोपाठची दोन चित्रे बहुतेक सारखीच असल्याने दुसरे चित्र नव्याने पाठवण्याऐवजी 'मागच्या चित्रातला हा तुकडा तीन ठिपके डावीकडे सरकव' एवढा निरोप पुरतो. कोडेक आधी असा अंदाज बांधतो आणि अंदाज व वास्तव यांतील फरक तेवढा लिहून काढतो. म्हणून स्थिर पडद्यासमोर उभे राहून रंगलेले कीर्तन कोडेकला अतिशय स्वस्त पडते, कारण बुवांचे हात, चेहरा आणि मागचे टाळकरी सोडले तर काहीच हलत नाही. वारीचे ड्रोनने केलेले चित्रण याच्या उलट आहे, कारण त्यात हजारो पताका हजारो दिशांना फडफडत असतात. सर्वांत कठीण दृश्य बहुधा गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीचे असावे. थेट प्रक्षेपण पाहताना, गुलाल उधळला जाताच चित्र क्षणभर चौकोनी ठोकळ्यांत विखुरते, हे आपणही पाहिले असेल. आपले इंटरनेट त्या क्षणी नेमके बिघडलेले असते असे नाही. हवेतल्या गुलालाच्या कणाची पुढची जागा मागच्या चित्रावरून सांगता येत नाही, अंदाज कोसळतो, फरक अवाढव्य होतो आणि ठरलेल्या बिटांच्या खर्चात तो बसत नाही, म्हणून कोडेक नाइलाजाने ढोबळ ठोकळे पाठवून देतो.

एव्ही1 ची करामत या अंदाजात आहे. 2003 मधल्या एच.264 या कोडेकचा मूळ चौकोन 16 गुणिले 16 ठिपक्यांचा होता, तर एव्ही1 मध्ये तो 128 गुणिले 128 पर्यंत वाढू शकतो. निळे आभाळ किंवा मैदानातले गवत एकाच मोठ्या चौकोनात उरकता येते आणि चेहऱ्यापाशी तोच चौकोन बारीक बारीक चिरत नेता येतो. शिवाय अंदाज बांधण्याच्या रीतीही अनेक आहेत. या साऱ्या पर्यायांतून सर्वांत किफायतशीर पर्याय शोधण्याचे काम एन्कोडरला, म्हणजे व्हिडिओ तयार करणाऱ्या बाजूला, करावे लागते, आणि ते काम जड आहे. सुरुवातीच्या काळात मी माझ्या संगणकावर दोन मिनिटांचा एक व्हिडिओ एव्ही1 मध्ये करायला रात्री लावून झोपलो, तर सकाळी चहा होईपर्यंत त्याचे काम चालूच होते. मोठ्या व्हिडिओ संकेतस्थळांना हा खर्च परवडतो, कारण त्यांनी एकदा कष्ट घेतले की तोच व्हिडिओ कोट्यवधी वेळा स्वस्तात पाठवता येतो. पुढे इंटेल आणि नेटफ्लिक्स यांनी मिळून एसव्हीटी-एव्ही1 हा बराच वेगवान एन्कोडर घडवला, आणि आता घरच्या संगणकावरही हे काम सुसह्य झाले आहे.

केवळ गणित सरस म्हणून एव्ही1 पसरले, असे समजू नये. एच.264 नंतर 2013 मध्ये एचईव्हीसी हा कोडेक आला होता. तेवढ्याच दर्जाचे चित्र सुमारे निम्म्या डेटात द्यायचे हे त्याचे उद्दिष्ट होते आणि ते त्याने बऱ्याच अंशी गाठले. तरीही इंटरनेटवर त्याचा जम बसला नाही, आणि त्यामागचे कारण पेटंटचे आहे. एच.264 साठी कंपन्यांना साधारणपणे एकाच खिडकीवर पेटंटचे पैसे भरता येत होते, आणि प्रेक्षकाला मोफत दाखवल्या जाणाऱ्या इंटरनेट व्हिडिओवर शुल्क लावणार नाही असे त्या खिडकीने 2010 मध्ये जाहीरही केले होते. एचईव्हीसीच्या वेळी एमपीईजी एलए, एचईव्हीसी ॲडव्हान्स आणि वेलोस मीडिया अशा तीन खिडक्या झाल्या, आणि काही पेटंटधारक तर कोणत्याच खिडकीत बसले नाहीत. एकूण किती पैसे द्यावे लागतील हे आधी कळतच नसेल, तर कोणता हिशेबनीस अशा खर्चाला मंजुरी देईल? क्रोम ब्राउझरमध्ये एचईव्हीसी आले ते 2022 मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी, आणि तेही उपकरणातल्या हार्डवेअरच्या आधाराने.

या गोंधळातून 2015 मध्ये अलायन्स फॉर ओपन मीडिया ही संघटना उभी राहिली. ॲमेझॉन, सिस्को, गूगल, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला आणि नेटफ्लिक्स हे तिचे संस्थापक होते, आणि 2018 च्या सुरुवातीला ॲपलही तीत सामील झाली. गूगलचा व्हीपी10, मोझिलाचा डाला आणि सिस्कोचा थॉर अशा तीन प्रयत्नांतले उत्तम ते एकत्र करून एव्ही1 घडवला गेला, आणि तो कोणालाही शुल्काशिवाय वापरता यावा असे ठरले. यात परोपकार शोधायला जाऊ नये. डेटा पाठवण्याचे सर्वांत मोठे बिल ज्यांना भरावे लागते, त्यांनीच हा खर्च वाटून घेतला आहे. 'शुल्काशिवाय' या शब्दावरही पूर्ण एकमत नाही, कारण एव्ही1 मध्ये आमच्या सभासदांची पेटंटे वापरली गेली आहेत असा दावा करत सिस्वेल या कंपनीने 2019 मध्ये आपली वेगळी खिडकी उघडण्याचे जाहीर केले. माझ्यासारख्या घरगुती वापरणाऱ्याला त्याची झळ लागत नाही, पण फोन बनवणाऱ्याला तो दावा दुर्लक्षून चालत नाही.

आता फोनबद्दल. एव्ही1 उलगडण्याचे, म्हणजे डिकोड करण्याचे, काम दोन प्रकारे होते. फोनच्या चिपमध्ये त्यासाठी स्वतंत्र भाग असेल तर ते अगदी थोड्या विजेत होते, आणि तसा भाग नसेल तर ते मुख्य प्रोसेसरवर सॉफ्टवेअरने करावे लागते. सॉफ्टवेअरचा मार्ग अगदीच वाईट नाही. व्हीएलसी प्लेअरमागच्या व्हिडिओलॅन या संस्थेच्या मंडळींनी डाव्हिड नावाचा एक विलक्षण चपळ डिकोडर लिहिला आहे, आणि त्याचा बराच भाग हाताने असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या सूचनांच्या भाषेत, लिहिलेला आहे. नेटफ्लिक्सने फेब्रुवारी 2020 मध्ये अँड्रॉइड फोनवर एव्ही1 द्यायला सुरुवात केली ती त्याच्याच भरवशावर, आणि ते आधी वापरत असलेल्या गूगलच्या व्हीपी9 या कोडेकच्या तुलनेत 20 टक्के बचत होत असल्याचे तेव्हा सांगितले होते. पण माझ्या आधीच्या फोनमध्ये चिपचा आधार नव्हता. दीड तासाचे नाटक एव्ही1 मध्ये पाहिले की तो फोन हाताला चटका देऊ लागे आणि बॅटरी ताकासारखी घुसळून निघे. डेटा वाचत होता आणि वीज खर्च होत होती, म्हणजे एका खिशातले दुसऱ्या खिशात गेले, एवढेच. ॲपलने आयफोनमध्ये हा आधार 2023 च्या 15 प्रो पासून दिला, यावरून हे अजून सर्वत्र गृहीत धरण्याजोगे नाही हे कळेल.

म्हणून दुकानदाराला 'एव्ही1 सपोर्ट आहे का' असे मोघम विचारू नये, कारण सॉफ्टवेअरच्या आधारालाही तो बिनधास्त होय म्हणेल. 'चिपमध्ये एव्ही1 चा हार्डवेअर डिकोडर आहे का' असे विचारावे, किंवा फोनच्या चिपचे नाव लिहून घेऊन त्या चिपच्या कंपनीच्या पानावर खात्री करावी. आपण काय पाहतो आहोत हे यूट्यूबवर तपासायचे असेल तर 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडावे. कोडेकच्या ओळीत एव्ही01 दिसले तर तो एव्ही1, व्हीपी09 म्हणजे व्हीपी9 आणि एव्हीसी1 म्हणजे आपला म्हातारा एच.264. आपण फोन वर्षा-दोन वर्षांत बदलणारे असाल तर याची फिकीर करण्याचे कारण नाही, कारण जुने कोडेक कोणी इतक्यात बंद करणार नाही. फोन चार-पाच वर्षे वापरायचा असेल, आणि विशेषतः टीव्ही घ्यायचा असेल, तर मात्र पाहून घ्यावे. टीव्ही आपल्याकडे दहा वर्षे भिंतीवरून हलत नाही, आणि त्याचा प्रोसेसर इतका दुबळा असतो की सॉफ्टवेअरने भार पेलण्याची आशा ठेवता येत नाही.

याचा आवाका कळण्यासाठी एकच हिशेब करतो. 19 नोव्हेंबर 2023 च्या विश्वचषक अंतिम सामन्याच्या वेळी हॉटस्टारवर एकाच क्षणी 5.9 कोटी प्रेक्षक होते. प्रत्येकाला सेकंदाला सरासरी एकच मेगाबिट पाठवला असे धरले, तरी सेकंदाला 59 टेराबिट (एक टेराबिट म्हणजे दहा लाख मेगाबिट) होतात, आणि त्यातून पाचवा हिस्सा वाचला तरी जवळपास 12 टेराबिट वाचतील. मात्र थेट प्रक्षेपणात एन्कोडरला विचार करायला रात्र मिळत नाही, फक्त क्षण मिळतो. एव्ही1 तयार करणारी हार्डवेअर ग्राफिक्स कार्डे सामान्य ग्राहकासाठी बाजारात आली तीच 2022 मध्ये, म्हणून थेट सामन्यांत अजूनही एच.264 चा भरणा मोठा आहे. तिकडे त्याच संघटनेने 2025 मध्ये एव्ही2 या पुढच्या पिढीची घोषणाही केली आहे, पण तिच्यासाठी फोन घ्यायचे थांबू नये. मानक ठरण्यापासून ते मध्यम किमतीच्या फोनच्या चिपमध्ये उतरेपर्यंत बरीच वर्षे जातात, हे एव्ही1 नेच दाखवले आहे.

राहिला जुन्या व्हिडिओंचा प्रश्न. माझ्याकडे घरच्या लग्नामुंजींच्या व्हीएचएस कॅसेटी होत्या. त्या संगणकात उतरवल्यावर मी उत्साहाने एव्ही1 च्या मागे लागलो, आणि फाइल अपेक्षेइतकी लहान होईना. कारण गुलालासारखेच होते. जुन्या फितीवरची मुंगीसारखी खरखर दर चित्रात वेगळी असते, तिचा अंदाज बांधता येत नाही, आणि कोडेक मावशीच्या चेहऱ्यापेक्षा त्या खरखरीवरच जास्त बिट उधळतो. एव्ही1 मध्ये यावर एक सुंदर तोड आहे. एन्कोडर चित्रातली खरखर आधी पुसतो, ती कशी होती याचे वर्णन मोजक्या आकड्यांत लिहितो, आणि पाहताना डिकोडर तशीच पण नवी खरखर चित्रावर पुन्हा पेरतो. मूळ सोय सिनेमाच्या फिल्मवरील कणांसाठी आहे, पण माझ्या कॅसेटींनाही ती बऱ्यापैकी मानवली आणि फाइली पुष्कळ आटोपशीर झाल्या. तोटा एवढाच की प्रमाण थोडे चढवले तरी पैठणीची बारीक नक्षीही खरखर समजून पुसली जाते, आणि ती डिकोडरला परत आणता येत नाही. म्हणून नातेवाइकांना पाठवायची प्रत खुशाल एव्ही1 मध्ये करावी. मूळ फाइल मात्र, ती कितीही बोजड असली तरी, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर आहे तशी ठेवावी, आणि कॅसेट अजून शाबूत असेल तर तीही टाकू नये.