जग फिरायच्या आधी ऊसतोडीचा फड

डॉक्युमेंटरी फोटोग्राफी करत जग फिरायचंय ना, मग पहिलं काम बीड जिल्ह्यातल्या धारूर-वडवणीकडच्या एखाद्या ऊसतोड टोळीवर कर. टोळी गाडीत बसते त्या दिवशी पहिल्यांदा जाऊ नकोस. मुकादम उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, वाटतो तेव्हापासून जात राहा, म्हणजे पुढं फडात आणि कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपडीवर, तू परका वाटणार नाहीस. ब्राझीलचा फोटोग्राफर सेबास्तियाव साल्गादो अर्थशास्त्र शिकलेला होता. १९८६ साली ब्राझीलमधल्याच सेरा पेलाडाच्या सोन्याच्या खाणीत काढलेले त्याचे फोटो नीट पाहा. मजुरीचं गणित कळलेल्या माणसाचे फोटो आहेत ते.

लेन्स एकच ठेव, ३५ मिमी. फडात लेन्स बदलली की पाचटाची धूळ सेन्सरवर बसते आणि एफ/११ला, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान केलं की, आभाळात काळे ठिपके दिसतात. कोयता चालताना शटर १/१००० सेकंद हवं. १/१२५ला हात अर्धवट पुसट होतो. पुसटपणाच हवा असेल तर सरळ १/३०वर जा. दुपारच्या पांढऱ्या आभाळानं कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं, चेहरे काळवंडतात, म्हणून एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजेड वाढव आणि रॉमध्येच, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढ.

रोज रात्री दोन डिस्कवर कॉपी कर, दोन्ही वेगळ्या पिशव्यांत ठेव. नाव, गाव, तारीख तेव्हाच लिही. फोटो छापण्याआधी ज्या बाईचा तो असेल तिला दाखवून विचार. नको म्हणाली तर विषय संपला. कुणाची उचल किती, हे नावागावासह कधीच छापू नकोस, त्रास त्यांना होतो.

पुढं जग फिरायला निघालास की विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच, टोकांना चिकटपट्टी लावून. चेक-इन सामानात त्या चालत नाहीत.