श्रवणयंत्राचे काम शिकायचे आहे

प्रश्न : मी लातूरची असून यंदा विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झाले. आजोबांना श्रवणयंत्र कधीच नीट जुळले नाही, म्हणून हे काम शिकावेसे वाटते. अमेरिकेत त्यासाठी दोन वर्षांची असोसिएट पदवी असते. आपल्याकडे काय आहे?

उत्तर : आपल्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेली श्रवण, भाषा व वाचा या विषयांची एक वर्षाची पदविका आणि इंटर्नशिपसह चार वर्षांची बी.ए.एस.एल.पी. (बॅचलर इन ऑडिओलॉजी अँड स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी, म्हणजे श्रवण व वाचा-भाषा उपचार) ही पदवी आहे. प्रत्येक कंप्रतेला (आवाजाच्या उंच-खालच्या पट्टीला) ऐकण्याची घट वेगवेगळी असल्याने यंत्र श्रवणालेखानुसार, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखानुसार, जुळवावे लागते, आणि ते वापरणाऱ्याचे अनुभव ऐकून पुन्हा सुधारावे लागते; आजोबांच्या बाबतीत बहुधा हेच राहून गेले असावे. एवढी जबाबदारी पेलायची तर पदवीच घ्यावी, असे मला मनापासून वाटते. मुंबईच्या अली यावर जंग या वाचा व श्रवणविषयक राष्ट्रीय संस्थेत ती शिकवली जाते.